खेकड्याला एवढं बदनाम करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर मी रोज पुरवण्यांसकट वाचतो. आज ज्या विषयावर लिहितोय तो काहींना फार छोटा वाटेल, पण मला ते मनापासून खटकतंय म्हणून लिहायलाच बसलो. राजकीय बातमी असो, अग्रलेख असो, कुणाच्या भाषणाचा रिपोर्ट असो, फिरून फिरून "मराठी माणसाची खेकडा वृत्ती" येतेच. सोलापूरचे यंत्रमाग का बंद पडले तर खेकडा वृत्ती, विमानसेवेला एवढी वर्षं का लागली तर खेकडा वृत्ती, आपली पोरं शिकून पुण्याला का जातात तर परत तेच. एकदा हा शब्द टाकला की कुणी काय केलं, कुठला निर्णय चुकला, पैसा कुठं अडकला हे काही लिहावंच लागत नाही, सगळा दोष एका मुक्या प्राण्याच्या नावावर टाकून लेख संपतो. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, पोरांना प्राणी काढायला लावले, आणि त्यातून ह्या खेकड्याबद्दल जे वाचलं, बघितलं ते मला सांगावंसं वाटतं.

आधी ती टोपलीची गोष्ट. सगळ्यांना पाठ आहे, टोपलीला झाकण नाही, कुणीतरी विचारतं अहो पळून जातील की, तर विकणारा म्हणतो मराठी खेकडे आहेत, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो. आता शाळेतली पोरंसुद्धा वक्तृत्व स्पर्धेत ही गोष्ट सांगतात आणि टाळ्या घेतात. पण हीच गोष्ट बंगाली माणूस बंगाल्यांबद्दल सांगतो, मल्याळी माणूस मल्याळी लोकांबद्दल सांगतो, फिलिपिन्समध्ये तर लोक स्वतःच्याच समाजाला हे रोज ऐकवतात, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत टोपलीच्या जागी पिंप येतं, बाकी सगळं तेच. प्रत्येकाला वाटतं ही आमचीच खास खोड आहे. मग ह्यात मराठी काय राहिलं आणि खेकड्याचं तरी काय राहिलं?

खेकड्याचं म्हणाल तर टोपलीत टाकलेला खेकडा जे नांगीला लागेल ते धरतो, काठ लागला तर काठ, दुसऱ्याचा पाय लागला तर पाय. वाहत्या ओढ्यात राहणारा जीव तो, दगडाला, मुळाला घट्ट धरून राहिला नाही तर पाण्याबरोबर वाहून जाईल, म्हणून धरणं त्याच्या अंगातच आहे. त्याला बिचाऱ्याला कुठला आलाय हेवा. आणि त्याला बिळातून काढून टोपलीत कुणी टाकलं हा प्रश्न गोष्ट सांगणारा कधीच विचारत नाही, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे सीनेच्या, भीमेच्या काठाला, ओढ्यात, विहिरीच्या कपारीत जो काळपट खेकडा असतो ना, त्याची मादी बघा कधी. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी अगदी बारीक, वेगळ्याच रूपात पाण्यात सुटतात आणि नंतर खेकड्याचा आकार घेतात. गोड्या पाण्यातल्या खेकडीचं तसं नाही, तिची अंडी तिच्या पोटाखालच्या झडपेत असतात, त्यातून थेट इवले इवले खेकडेच बाहेर येतात आणि ते काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. पावसाळ्यात खेकडे धरायला जाणाऱ्यांनी हे शंभर वेळा बघितलेलं असतं, उलटी केली की पोटाला पिल्लांचा नुसता लोंबका.

तरी गंमत बघा, खेकडीला पिल्लं झाली की ती मरते ही समजूत फार जुनी आहे. महाभारतात वनपर्वात जयद्रथ द्रौपदीला पळवून न्यायला येतो तेव्हा ती त्याला तोंडावर सुनावते की वेळू, बोरू आणि केळ ह्यांना फळ येतं ते त्यांच्या नाशासाठीच, आणि खेकडीला गर्भ राहतो तोही तिच्या मरणासाठीच, तसा तू मला हात लावून स्वतःचं मरण पदरात घेतोयस. वेळू फुलला की वाळतो हे खरं, केळ व्याली की तो खांब संपतो हेही खरं, खेकडीचं मात्र खरं नाही, ती मरत नाही. पण द्रौपदीच्या तोंडी तो दाखला काय जबरदस्त बसलाय! एकटी बाई, नवरे शिकारीला गेलेले, आणि ती राजाला सांगतेय की तू आत्ता जे जिंकलंस असं तुला वाटतंय त्यानंच तू संपणार आहेस. टोपलीतल्या गोष्टीपेक्षा हा खेकडा आपल्याला आधी आठवायला पाहिजे.

आणि पंचतंत्र तर आपलंच की. बगळा आणि खेकडा सगळ्यांना माहिती आहे, दुष्काळ पडणार अशी थाप मारून बगळा तळ्यातले मासे एकेक करून खडकावर नेऊन खातो, शेवटी खेकड्याला नेतो, खेकडा खाली हाडांचा ढीग बघतो आणि नांगीनं त्याची मान कापून परत तळ्यावर येतो, बाकीच्यांना सगळं सांगतो. म्हणजे अख्ख्या तळ्याला फसवणारा पुढारी ओळखणारा आणि त्याला थांबवणारा एकटा खेकडा. बरं, ह्याच पंचतंत्राच्या अगदी शेवटी अजून एक खेकडा आहे, त्याची आठवण फार कमी लोकांना असते. ब्रह्मदत्त नावाचा ब्राह्मणाचा पोरगा गावाला निघतो, आई म्हणते एकटा जाऊ नकोस, तो म्हणतो रस्ता सरळ आहे, भीती कसली. मग ती जवळच्या तळ्यातून एक खेकडा आणून देते आणि म्हणते बाकी कुणी नाही तर निदान हा तरी सोबत असू दे. पोरगा तो कापराच्या डबीत ठेवतो, उन्हाचा झाडाखाली झोपतो, ढोलीतून काळा साप येतो, त्याला कापराचा वास आवडतो म्हणून तो आधी डबीकडेच वळतो आणि आतला खेकडा त्याला मारतो. पोरगा उठतो तर शेजारी मेलेला साप. एवढीच गोष्ट आहे. पण आईला आपल्या पोराची पाठराखण करायला सगळ्या जगात खेकडा सापडला हे मला शिकवताना फार भावायचं, पोरं ती डबी इतकी छान काढायची.

बौद्ध जातककथांत, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, हाच धागा अजून पुढे गेलेला आहे. एका जातकात सोन्याचा खेकडा आहे, त्याची आणि एका शेतकरी ब्राह्मणाची दोस्ती असते, ब्राह्मण शेतावर येताना रोज त्याला भेटतो, उपरण्यात ठेवून सोबत घेऊन जातो. कावळीला ब्राह्मणाचे डोळे खायचे डोहाळे लागतात, कावळा सापाशी संगनमत करतो, साप ब्राह्मणाला चावतो. तर खेकडा कावळ्याला आणि सापाला दोन नांग्यांत धरतो आणि सापाला विष परत ओढून घ्यायला लावतो. कथेच्या शेवटी सांगितलंय की तो ब्राह्मण म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध आणि खेकडा म्हणजे आनंद. बुद्धांचा सगळ्यात जवळचा शिष्य आनंद, सावलीसारखा सोबत राहिलेला, त्याला पूर्वजन्म द्यायचा तर खेकड्याचा दिला, ह्यावर जरा विचार करा ना.

दुसऱ्या एका जातकात खेकडा वाईट आहे हेही सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल सोयीचं तेवढंच सांगितलं. हिमालयातल्या तळ्यात खळ्याएवढा मोठा खेकडा असतो, पाण्यात उतरणाऱ्या हत्तींना नांगीत धरून मारतो. एका हत्तीला धरल्यावर त्याची हत्तीण पळून न जाता खेकड्याशी गोड बोलते, त्याची पकड जरा ढिली होते आणि हत्ती त्याला चिरडतो. पुढे त्याच्या दोन नांग्यांचे दोन नगारे झाले म्हणे, एक राजघराण्याकडे गेला आणि एक असुरांकडे. हा प्रसंग भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर दगडात कोरलेला आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम, मध्य प्रदेशातून ते अवशेष कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेले. कारागिरानं एका गोल चौकटीत हत्ती आणि खेकडा एकमेकांत असे बसवलेत की दोन हजार वर्षांनी नुसत्या फोटोत बघूनसुद्धा हत्तीचं वजन जाणवतं. आपल्या भागात खेकड्याचं कोरीवकाम म्हणलं की लोक हसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

राशीचक्रातला खेकडा तर आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज असतो. मकर संक्रांत म्हणजे सोलापूरचा जीव, नंदीध्वज, अक्षता सोहळा, गड्ड्याची जत्रा, अख्खं गाव सिद्धेश्वराच्या देवळाकडे. पण तिच्या बरोबर समोरची कर्क संक्रांत, साधारण १६ जुलैला येणारी, कधी आली कधी गेली कुणाला पत्ता नसतो. पंचांगाप्रमाणे तिथून दक्षिणायन. ही खूण बसली तेव्हा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सूर्य उत्तरेला जाऊन जाऊन थांबायचा आणि परत फिरायचा ते कर्क राशीत असताना, म्हणून नकाशावर साडेतेवीस अंशावरची रेघ आजही कर्कवृत्त आहे, जरी अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो त्यामुळे, आता २१ जूनचा सूर्य वृषभ-मिथुनच्या सीमेपाशी असतो. जुन्या रोमन लेखकांनी ह्याला सरळ खेकड्याच्या चालीशी जोडलं, सूर्य इथून तिरका मागं फिरतो म्हणून इथं खेकडा.

आपल्या शेतकऱ्यानं मात्र ह्याच आभाळाला पावसाची नावं दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि मग आश्लेषा. पुनर्वसूचा शेवटचा चरण आणि पुढची दोन नक्षत्रं अख्खी, सूर्य ह्यांतून जातो ते सगळे दिवस कर्क राशीचे. आणि नेमके तेव्हाच बांधावरची बिळं पाण्यानं भरतात आणि खेकडे बाहेर पडतात. सोलापूरचं खरं पाणी सप्टेंबरचं, उत्तरा-हस्ताचं, त्यावर आपली रब्बीची ज्वारी, त्यामुळं पुष्याचा पाऊस आपल्याला बऱ्याचदा हुलकावणीच देतो. तरी ओढ्यात खेकडं दिसायला लागली म्हणलं की गावाकडच्या माणसाचा चेहरा फुलतोच. अशा प्राण्याला आपण हेव्याचं चिन्ह करून ठेवलंय.

देवळातही तो आहे बरं का. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुंदुदेवनकुडीला कर्कडेश्वराचं देऊळ आहे, खेकड्यानं शंकराची पूजा केली अशी तिथली कथा. सुरतेला उमरा भागात रामनाथ घेला महादेवाच्या देवळात पौषातल्या एकादशीला लोक पिंडीवर जिवंत खेकडे वाहतात, कानाचं दुखणं बरं व्हावं म्हणून नवस असतो. सुरतेला कापडाच्या कामानं सोलापूरची कितीतरी माणसं जात असतात, त्यांच्यापैकी कुणी बघितलं असेल तर त्यांनीही लिहावं. शृंगेरीच्या विद्याशंकर मंदिरात बारा राशींचे बारा खांब आहेत, त्यात कर्केचाही एक. गोव्याला जुन्या चर्चमध्ये आपण ज्या सेंट झेवियरची शवपेटी बघायला रांगेत उभं राहतो त्यांचीही एक दंतकथा आहे, १५४६ मध्ये तिकडे इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांत वादळ शांत व्हावं म्हणून त्यांनी क्रूस समुद्रात धरला, तो हातातून सुटला आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एका खेकड्यानं तो नांगीत धरून परत आणून दिला. पाठीवर क्रूसासारखी खूण असलेला खेकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळतो, ख्रिश्चन लोक त्याला ह्या गोष्टीमुळं मानतात. हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन, तिन्हीकडे तो सोबत करणारा, परत आणून देणारा, भक्ती करणारा आहे हे तुम्हीच बघा.

ग्रीकांकडे त्याच्या वाट्याला एकदम छोटी भूमिका आली. हर्क्युलीस हायड्रा नावाच्या अनेक तोंडांच्या सापाशी लढत असताना हेरा देवीनं एक खेकडा पाठवला, तो हर्क्युलीसच्या पायाला चावला, हर्क्युलीसनं त्याला टाचेखाली चिरडला. हेरानं त्याला आभाळात जागा दिली, तीच कर्क रास. हरला तरी जागा मिळाली. सिसिलीतल्या अक्रागास शहरानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात चांदीच्या नाण्यावर एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला खेकडा काढला, इतका देखणा की जगातल्या सुंदर नाण्यांत त्याची गणना होते. ग्रीक वैद्यांना कॅन्सरच्या गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या आणि तेव्हापासून तो त्या आजाराच्या पोस्टरवर जाऊन बसला. ते पोस्टर बघून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या पेशंटला काय वाटत असेल असं माझ्या मनात नेहमी येतं. तिथं तो खेकडा नसता तर बरं झालं असतं.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडलेली गोष्ट जपानची आहे. ११८५ साली दान-नो-उरा इथं समुद्रात लढाई झाली, हेइके घराणं संपलं, लहानग्या अंतोकू सम्राटाला आजीनं कवेत घेऊन पाण्यात उडी मारली. तिथल्या समुद्रात एक छोटा खेकडा सापडतो, जेमतेम इंचभर रुंद, त्याच्या पाठीच्या कवचावर रागावलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, मिटलेले डोळे, वाकडं तोंड. लोक म्हणाले हे बुडालेले सैनिक आहेत. उतागावा कुनियोशी ह्या चित्रकारानं एकोणिसाव्या शतकात लाकडी ठशांच्या चित्रात हे चेहऱ्यांचे खेकडे काढले. नंतर जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली ह्यांनी आणि १९८० मध्ये टीव्हीवरून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन ह्यांनी असं सांगितलं की कोळी लोक चेहऱ्यासारखे दिसणारे खेकडे परत पाण्यात सोडायचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच वाढत गेले. ऐकायला फार सुंदर, पण अभ्यासकांनी दाखवून दिलं की हा खेकडा इतका छोटा आहे की तो कुणी खातच नाही, त्या रेषा म्हणजे आत स्नायू जिथं चिकटतात त्या जागा आहेत, आणि त्याच्या जवळच्या जातींत जपानबाहेरही तसाच चेहरा दिसतो. म्हणजे चेहरा लढाईच्या कितीतरी आधीपासून तिथं होता, दुःख झाल्यावर माणसांना तो दिसायला लागला. आपल्या खेकड्याच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं मला वाटतं, आपल्याला आपल्या माणसांचा राग आला आणि तो आपण त्याच्या नांगीत नेऊन ठेवला.

चित्रकारांनी मात्र त्याच्याकडे नीट बघितलं. जर्मन चित्रकार ड्यूररनं १४९५ च्या सुमाराला एका समुद्री खेकड्याचं जलरंगात इतकं बारकाईनं चित्र काढलं की कवचाचा खरखरीतपणा बोटाला लागेल असं वाटतं. व्हॅन गॉगनं १८८९ मध्ये दोन खेकडे काढले, एक पालथा, एक उताणा, हिरव्या पाण्यासारख्या जमिनीवर लालभडक. तो उताणा पडलेला खेकडा बघून माझ्या वर्गात एका पोरीनं विचारलं होतं, सर ह्याला कुणी सरळ का करत नाही. चीनमध्ये ची बाइशी ह्यांनी शाईच्या चार फटकाऱ्यांत खेकडे उभे केले आणि जपानी आक्रमणाच्या काळात त्याच खेकड्यांतून आडवं चालणाऱ्या, म्हणजे दांडगाई करणाऱ्या, सत्तेला जाब विचारला. म्हणजे चिन्ह म्हणून त्याला कडकपणे वापरता येतं, माझं म्हणणं तेवढंच आहे की वापरायचं तर असं सत्तेसमोर उभं राहून वापरा.

आपल्याकडे उलटं झालं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, झोपेतली माणसं वाहून गेली, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. मला आठवतंय, लोक ते ऐकून हसले, ग्रुपवर चित्रं फिरली, विरोधकांनी खेकडे घेऊन आंदोलन केलं. मला हसू आलं नाही. गावातले लोक धरण गळतंय म्हणून आधीपासून सांगत होते. जिथं घरंच्या घरं गेली तिथं जबाबदारी घ्यायला सगळ्यात शेवटी सापडला तो खेकडा, आणि हे शक्य झालं कारण वर्षानुवर्षं आपण सगळ्याला त्यालाच दोषी धरायची सवय लावून घेतलेली आहे. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या जिल्ह्यानं तरी हे विसरू नये.

म्हणून माझी तुम्हाला दोन गोष्टींची विनंती आहे. तुमच्या उपसंपादकांना, वार्ताहरांना सांगा की "खेकडा वृत्ती" हा शब्द मथळ्यात आला की तो काढा आणि त्या जागी कुणी कुणाचं कुठलं काम अडवलं ते नावानिशी लिहा, कुठली फाईल, कुठली मीटिंग, कुठला ठराव. वाचकाला त्याचा उपयोग होईल. आणि दुसरं, बालपुरवणीत ती कापराच्या डबीची गोष्ट आणि सोन्याच्या खेकड्याची गोष्ट एकदा सविस्तर छापा, सोबत भारहूतच्या शिल्पाचा फोटो द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमाराला शहराच्या उजेडापासून लांब गेलं, तर मिथुनेतले दोन तारे आणि मघा ह्यांच्या मधे पुष्याचा, म्हणजे कर्क राशीतल्या तारकागुच्छाचा, धूसर ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो, १६१० मध्ये गॅलिलिओनं दुर्बिणीतून तिथं चाळीसच्या आसपास तारे मोजल्याचं छापलं होतं. केगावच्या विज्ञान केंद्रानं किंवा एखाद्या शाळेनं पोरांना ते दाखवायला नेलं तर तीही बातमी द्या, मी स्वतः यायला तयार आहे. पुरवणीसाठी खेकड्याची चित्रं लागली तर तीही मी काढून देईन, मानधन नको.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सोलापूर